डाव्या डिक्कीवरचा पोचा

विमल, तू गेलीस तेव्हा स्कूटर अस्तरातच उभी होती, रंग लागायचा होता. लिंबाखाली, स्टँडवर, शिटं काढलेली, अंगावर नुसता लाल-तपकिरी रेड ऑक्साइड. माणसं जमली तसं कुणी तिच्या हँडलवर टॉवेल टाकला, कुणी पायाच्या पट्ट्यावर पिशवी ठेवली. बिलोलीहून आलेला एक पाहुणा तिला टेकून उभा राहिला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला लाल भुकटी लागली. त्यानं मला विचारलं, "हे काय लागलं हो?" मी म्हणालो, "रेड ऑक्साइड." त्या दिवशी मी एवढंच बोललो म्हणतात. मला आठवत नाही.

सुनीता म्हणाली, बाबा, मायबद्दल काहीतरी लिहा, मनात ठेवू नका. मी चौथी शिकलेला माणूस. जन्म मुदखेडच्या रेल्वे लाईनीवर गेला, हातात हातोडा नाहीतर झेंडी. लिहायला बसलो की पेन वाकडं चालतं. तरी लिहून राहिलो, कारण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कष्टाळू होती, मायाळू होती, कुणाला उलट बोलली नाही. शेवटचं सोडून बाकी खरं होतं. पण तू एक गोष्ट माझ्यापासून पंचवीस वर्षं लपवून ठेवलीस, हे कुणी बोललं नाही. त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा मलाही नव्हतं.

पाऊस सरला आणि सुनीता लातूरहून चार दिवस सुट्टीला आली, तिथून हे सुरू झालं. तिनं आल्या आल्या गाडीवरचं पोतं काढलं.

"बाबा, ही स्कूटर मला द्या. आमच्या दवाखान्यातले लोक असल्या गाड्या शोधत फिरून राहिलेत. विंटेज म्हणतात आता हिला."

तू पीठ मळत होतीस. "चाळीस वर्षांच्या गाडीला विंटेज म्हणतात? मग मला काय म्हणतात?"

"तुला माय म्हणतात."

मी म्हणालो, "गाडी मिळणार न्हाई. ही गियरची गाडी हाय, क्लच आन् गियर एकाच मुठीत. तुझ्या त्या बिनगियरच्या खेळण्यासारखी न्हाई. बाईच्या हाताचं काम न्हाई ते."

तू परातीतून मान वर केलीस आणि सुनीताकडं बघितलंस. तिनं तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चालला असंल मायलेकीचा कारभार, आपल्याला काय. मग तू म्हणालीस, "आधी तिला रंग तर द्या. मग बघू कुणाला द्यायची."

रंगवल्यावर मी गाडी देणार नव्हतो, हे तुला सांगून ठेवतो. रंगवायला होकार दिला तो तू गप बसावीस म्हणून.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी चाँदभाई गाड्या रंगवतो. त्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बोटानं पत्रा वाजवला, मशीननं मारून काचेसारखी करून देतो म्हणाला आणि आकडा सांगितला. तू त्याच्या हातात द्यायचा चहा तसाच धरून ठेवलास. "भाईजान, रंगवायची हाय. नवी घ्यायची न्हाई." तो हसला, चहा घेतला आणि म्हणाला, "भाभी, फिर घरीच मारा. हात तर तुमचा बी बसलेला हाय."

ते खरं होतं. सुनीता लहान होती तेव्हा तू नांदेडला बंगल्यांच्या रंगकामावर जायचीस. भिंत खरवडायची, खळगे बुजवायला लांबी भरायची, घासायची, अस्तर मारायचं. कंत्राटदार दारं-खिडक्या तुलाच द्यायचा, कारण तुझ्या ब्रशाची रेघ उमटत नाही म्हणायचा. मी मात्र तुला घरी कधी बोललो नाही की तुझा हात चांगला आहे. बोलायचं काय त्यात, असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी तू वाटणी केलीस. डावी बाजू तुझी, उजवी माझी.

"कामून?" मी विचारलं.

"उजव्या बाजूला इंजिन हाय. तिकडं तेल, ग्रीस. ते तुम्ही करा. डाव्या बाजूला हात लावायचा न्हाई, मी करीन."

मला बरं वाटलं. इंजिनाकडची बाजू म्हणजे मानाची बाजू, असा माझा समज. चुना आणि धुण्याच्या सोड्याचा लेप लावायचा, वाट बघायची, करवतीच्या तुटक्या पानानं खरवडायचं. वरचा राखाडी निघाला, त्याखाली आकाशी निघाला. आकाशी आपणच मारला होता, सुनीता शाळेत असताना. उरलेला रंग तू घराच्या दाराला दिलास, म्हणून कितीतरी वर्षं आपली गाडी आणि आपलं दार एकाच रंगाचं होतं. टपालवाला म्हणायचा, घर शोधायला लागत नाही, गाडी उभी असली की झालं. आकाशीच्या खाली कारखान्याचा हिरवा. मी माझी बाजू तीन दिवसांत पत्र्यापर्यंत नेली. तुझी व्हायला आठवडा लागला. मी टोमणे मारले. तू म्हणालीस, "तुम्ही खरवडता, मी बघून खरवडते."

मग रंगावरून भांडण. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितो.

मला काळा पाहिजे होता. काळी गाडी म्हणजे गाडी दिसते. तू म्हणालीस मोतिया. मी म्हणालो, मोतिया भिंतीला देतात. तू म्हणालीस, "काळ्यात चमक असती. पत्रा जरा कुठं खालीवर असला की उन्हात सगळं दिसतं. मोतियात झाकून जातं."

"माझ्या गाडीला झाकायला हाय काय? एक ओरखडा दाखव."

तू काही दाखवलं नाहीस. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मोतियाचा अर्धा लिटरचा डबा घेऊन आलीस. मी त्याच संध्याकाळी जाऊन काळ्याचा आणला. दोन्ही डबे चुलीच्या वरच्या फळीवर शेजारी शेजारी बसले. तू म्हणालीस, "आता दोन गाड्या घ्या." आणि म्हणालीस, "एवढा खर्च करून राहिलात तर मागच्या शिटाची स्प्रिंग बी बदला. टोचती."

"शीट कोण बघतं? रंग दिसतो."

"बघत कुणी न्हाई. बसते मी."

"तुला सगळंच टोचतं," मी म्हणालो. हे मी तुला किती वेळा म्हणालो असंन? गाडी घेतली तेव्हापासून. तू मागं बसलीस की एका अंगाला कलायचीस, मग मी पुढून ओरडायचो, नीट बस, बॅलन्स जातो. तू नीट बसायचीस. जरा वेळानं परत कलायचीस.

अस्तर मारून दोन दिवस झाले होते. सकाळी तू चहा ठेवलास. त्यापुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, मलाही आहे. चहा उतू गेला होता, तो सुनीतानं आल्यावर पुसला.

भंतेजी आले, वंदना झाली, पांढरी कापडं घालून माणसं बसली. चाँदभाईनं गाडीवर त्याच्या घरची चादर आणून टाकली, कुणी सांगितलं नव्हतं. सुनीता पंधरा दिवस राहिली आणि लातूरला कामावर गेली. जाताना म्हणाली, बाबा, तिकडं चला. मी म्हणालो, गाडी अर्धी हाय. तिला वाटलं असेल, बापाला गाडीचं पडलंय. पडलं होतंच. दुसरं काय होतं हाताशी? भाकरी मला येत नाही. शेजारची आणून देते ती खातो. दिवसभर बसून लिंबाची पानं मोजता येत नाहीत.

म्हणून कामाला लागलो. तू करायचीस तसंच केलं. आधी अंगणात सडा मारला, धूळ बसावी म्हणून. दोरीवर दोन जुनी लुगडी बांधून आडोसा केला. मग पाणी-पेपर, म्हणजे ओला घासायचा कागद, साबणाच्या पाण्यात बुडवून अस्तर घासलं, आधी माझी बाजू, मग तुझी. तुझ्या बाजूला हात लावताना मनात आलं, ही म्हणाली होती लावू नका. पण आता दुसरं कोण लावणार?

सकाळी बघतो तर डाव्या डिक्कीवर अस्तर फुगलेलं. तळहाताएवढं. मी बोट लावलं. बोट आत गेलं, जसं ओल्या भिंतीत जातं. एक ढपलाच निघून हातात आला. खाली पांढरं भुसभुशीत, आणि त्या खाली खोल पोचा. पत्रा आत गेलेला, आणि पोच्याच्या खालून मागपर्यंत वीतभर ओरखडा.

मी ओट्यावर बसलो. खरं सांगतो, तुझी आठवण नाही आली. राग आला. माझी गाडी कुणी ठोकली? ही गाडी मी कुणाला हात लावू दिली नाही. सासऱ्याला दिली नाही, साहेबाला दिली नाही. माझ्याकडून ती एकदाही पडली नाही, हे मी मुदखेडभर सांगत फिरलो.

तो ढपला घेऊन चाँदभाईकडं गेलो. त्यानं चुरला, वास घेतला.

"भाऊ, ये तो भिंतीची लांबी हाय. खडूची. पत्र्याला कुणी लावते का? पानी पिली की फुगतीच ये."

"कुणी लावली?"

तो घासत होता त्या टाकीकडं बघत राहिला. "गंगारामभाऊ, मला कसं मालूम? मागल्या महिन्यात भाभीनं माझ्याकडं पत्र्याची लांबी मागितली होती. एक डबी. म्हणाल्या, जुनी लांबी काढून नीट भरायची हाय, ह्यांना सांगू नका. मी म्हणलो, आणून देतो. कामात राहून गेलं भाऊ. मग त्या…" त्यानं परत टाकी घासायला घेतली.

मी घरी आलो आणि सुनीताला फोन लावला. कशी आहेस वगैरे काही नाही. "डाव्या डिक्कीला पोचा कुणी पाडला?"

मागून दवाखान्याचा आवाज. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बसलात का?"

विमल, आता मला माझी एक गोष्ट सांगायला लागेल. तू ती शंभर वेळा ऐकली आहेस. रुळाला तडा गेल्याची. सुनीताच्या बारावीच्या परीक्षेचे दिवस होते. पहाटेची गस्त माझी होती. पायी चालत असताना मला रुळाला गेलेला तडा दिसला. बोट जाईल एवढा. सकाळची पॅसेंजर नांदेडकडं निघायची वेळ. मी लाल झेंडी घेऊन पळालो आणि गाडी स्टेशनातच थांबवली. दुपार टळेपर्यंत लाईन बंद, आम्ही तिथंच, घरी यायला दुसरा दिवस उजाडला. साहेबानं सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला. ही गोष्ट मी येईल त्या पाहुण्याला सांगितली. जावयाला सांगितली, व्याह्याला सांगितली. मी सांगायला लागलो की तू उठून चहा ठेवायला जायचीस. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली.

ती पॅसेंजर सुनीताची होती. तिचा पेपर नांदेडला होता आणि ती त्याच गाडीत बसली होती. हे मला माहीत होतं. मी तुला विचारलंही होतं, मग पोरगी पेपरला कशी गेली? तू म्हणालीस, टेम्पोनं. तिचा गुडघा फुटला होता, तो टेम्पोतून उतरताना. मी म्हणालो, टेम्पोवाले असेच. विषय संपला. माझ्या डोक्यात माझा तडा आणि माझी झेंडी.

सुनीतानं फोनवर सांगितलं ते असं. गाडी हलेना म्हणून ती स्टेशनातून रडत घरी आली. टेम्पो भरून गेलेले, स्टँडवर गर्दी. तू भाकरी तव्यावर तशीच टाकलीस, हात पुसलेस आणि लिंबाखालच्या स्कूटरवरचं पोतं काढलंस.

"मायनं गाडी आधी आडवी केली, बाबा. तुम्ही पेट्रोल उतरावं म्हणून करता तशी. मग सरळ केली, चोक ओढला, दुसऱ्या किकला चालू. मी म्हणाले, माय, तुला येतं? तर म्हणाली, 'रोज मागं बसून बघते, पुसताना गियर टाकून बघते. बस.' पदर खोचला आणि निघाली. पहिला गियर टाकताना गाडी उडाली. तिसरा पडलाच नाही, सगळा रस्ता दुसऱ्यावर नेली. इंजिन नुसतं कोकलत होतं. नांदेडच्या अलीकडं वळणावर मुरूम पडला होता, तिथं आपटलो. दोघीबी. डाव्या अंगावर."

"मग?"

"मग काय. मायनं माझा गुडघा बघितला, पदराची पट्टी फाडून बांधली. तिचा कोपर सोलला होता, तो तिनं बघितलाच नाही. गाडी उभी केली आणि म्हणाली, 'बस लवकर. पेपर हाय.' वीस मिनिटं उशिरा पोचले. वर्गात घेतलं. ती पेपर सुटेपर्यंत बाहेर गाडीपाशी उभी होती. गाडी सोडून पाणी प्यायलाबी गेली नाही, कुणी नेली तर म्हणून."

त्या संध्याकाळी तू रंगकामातून उरलेली भिंतीची लांबी काढलीस. घरात तेवढीच होती. ती पोच्यात भरलीस, घासलीस, आणि दाराला देऊन उरलेला आकाशी वरून मारलास. गाडी आणि दार एका रंगाचं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. मी दुसऱ्या दिवशी आलो, गाडीवरचं पोतं काढलं, फडक्यानं पुसली, आणि मला काही दिसलं नाही. तुझा हात तसाच होता.

"मला का नाही सांगितलं?" मी फोनवर विचारलं.

"मी म्हणत होते सांगू. माय म्हणाली, 'गाडीला हात लावला म्हणून वरडतील. आन् सध्या ते खुशीत हायेत, राहू दे. पुढं बघू.' मग पुढं राहूनच गेलं, बाबा."

खरं आहे. मी ओरडलो असतो. नुसता ओरडलो नसतो, कदाचित. पोरगी पेपरला पोचली हे मला नंतर कळलं असतं आणि पोचा आधी दिसला असता. मी तसाच होतो. हे मी तुझ्या माघारी चांगला दिसावं म्हणून लिहून राहिलो नाही.

दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तुझ्याशी भांडलो. त्याच घरात, मोठ्यानं. तुला एवढी येत होती तर मी एवढी वर्षं पुढं बसून "बाईच्या हाताचं काम न्हाई" म्हणत होतो तेव्हा मागून एक चापट का नाही मारलीस? माझी झेंडीची गोष्ट चालू असताना चहा टाकायला का गेलीस? तिथंच म्हणायचं होतं, तुम्ही गाडी थांबवली, मी चालू केली. पाहुणे हसले असते. मीही हसलो असतो, दोन-चार वर्षांनी. शेजारीण भाकरी घेऊन आली, दारातूनच परत गेली. तिला वाटलं म्हातारा गेला कामातून.

तिसऱ्या दिवशी चाँदभाई पत्र्याच्या लांबीची डबी घेऊन स्वतःहून आला. "भाभीनं मागितली होती. माझ्यावर राहिली." मी डबी घेतली, फळीवर ठेवली, मोतियाच्या डब्याशेजारी.

पोचा मी भरला नाही. ओरखडा घासून गंज तेवढा काढला, उघड्या पत्र्याला अस्तराचा हात दिला, आणि काळ्याचा डबा उतरवला.

रंग गाळायचा असतो. तू जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी फडकं घेऊन गाळायचीस, साय राहू नये म्हणून. मी कात्री घेऊन तुझ्या पेटीपाशी गेलो आणि कात्री ठेवून परत आलो. माझं बनियन घेतलं. त्याचे धागे सुटले, ते रंगात गेले, आणि पहिला हात वाळला तेव्हा टाकीवर केसं उगवल्यासारखं दिसायला लागलं. सगळं परत घासलं. मग गेलो आणि लुगडं फाडलं. जांभळ्या काठाचं, कामावर नेसायचीस ते. त्याच्यावर आधीच सगळ्या रंगांचे शिंतोडे होते, माझा काळा त्यात मिसळून गेला.

दुसरा हात सकाळी लवकर मारला. वर लिंब, खाली थंडी, दव पडलं, आणि चमक मेली. पार पाटीसारखा मुका काळा. तू असतीस तर म्हणाली असतीस, ऊन अंगावर येऊ द्या, मग ब्रश उचला. तिसऱ्या वेळेला ऊन अंगावर येऊ दिलं. डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला, टर्पेन जरा जास्त घातलं, ब्रश एकाच दिशेनं ओढला आणि उलटा फिरवला नाही. हे सगळं तू कधी शिकवलं नव्हतंस. मी बघितलेलं होतं. म्हणजे बघून येतं माणसाला. तुझं खरं होतं.

उजव्या बाजूला माझ्या ब्रशाच्या रेघा दिसतात. डाव्या बाजूला उन्हात पोचा दिसतो. लांबून दिसतो, पार गल्लीच्या तोंडापासून. तू म्हणाली होतीस तसंच झालं, काळ्यात काही झाकलं जात नाही.

चाँदभाईनं डोक्याला हात लावला. "भाऊ, ये क्या किया? डबी दिली होती ना मी. लोक मला विचारतील, हे काम तुझं का."

"सांग, न्हाई म्हणून."

"तुम्हाला विचारलं तर?"

"सांगतो ना. एवढे दिवस एक गोष्ट सांगत होतो, आता दुसरी सांगतो."

आणि सांगतो, विमल. पिठाच्या गिरणीवाल्यानं विचारलं, त्याला सांगितली. रिटायर झालेले दोघं जण भेटले, त्यांना सांगितली. तडा आणि झेंडी थोडक्यात उरकतो आता. दुसरा गियर मात्र सावकाश सांगतो. एक जण म्हणाला, वहिनी अशा होत्या वाटलं नव्हतं. मी म्हणालो, मलाबी.

मोतिया वाया जाऊ दिला नाही. दाराला दिला. तुझ्या डोळ्यासमोर काय होतं माहीत नाही, पण दाराला तो शोभतो. भिंतीला देतात म्हणालो होतो, ते मागं घेतो. काळ्याचं मात्र तुझं ऐकलं नाही. तू चिडली असतीस. एवढी वर्षं झाकलेलं मी उघडं केलं, तेही तुला न विचारता. मला ते झाकून ठेवायचं जमलं नसतं, एवढंच.

मागच्या रविवारी सुनीता आली. फाटकातून आत आली आणि थांबली. आधी दार बघितलं, मग गाडी. डाव्या बाजूला जाऊन खाली बसली आणि पोच्यावर हात ठेवला. तिचा गुडघा माझ्यासमोर होता. साडीच्या खाली काय खूण आहे ती मी या सगळ्या वर्षांत एकदाही नीट बघितली नव्हती. मी खिशातली चावी काढून पोच्याच्या वर, डिक्कीवर ठेवली.

"बाबा, नक्की?"

"तिसरा गियर पडतो का बघू आधी."

तिनं गाडी आडवी केली, सरळ केली, चोक ओढला. पहिल्या किकला चालू. मला म्हणाली, "बसा." मी पुढं जायला लागलो. ती म्हणाली, "मागं, बाबा."

मी माझ्या गाडीवर मागं कधीच बसलो नव्हतो. मागून काय दिसतं ते मला माहीत नव्हतं. काही दिसत नाही. पुढच्या माणसाची पाठ दिसते आणि बाजूनं जाईल तेवढा रस्ता. तेवढ्यातूनच तू गियर शिकलीस.

नांदेड रोडला लागलो. पहिला, दुसरा, मग तिनं मूठ फिरवली आणि तिसरा पडला, आवाज न करता. मी म्हणणार होतो शाब्बास. तेवढ्यात खड्डा आला आणि शिटाची स्प्रिंग टोचली. विमल, टोचते. सदऱ्यातून, धोतरातून, हाडात जाते. मी दात दाबून नीट बसलो. दुसऱ्या खड्ड्यात परत टोचली, तेव्हा हळूच एका अंगाला कललो.

पुढून सुनीता ओरडली, "बाबा, नीट बसा, बॅलन्स जातो."

मी नीट बसलो. जरा वेळानं परत कललो.